तांडेलाचं रिकामं खुराडं

एका खाडीच्या तोंडाशी एक तांडेल टपून बसलेला असायचा. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. इतर तांडेल माल वाहायचे, माणसं वाहायचे. हा मात्र दुसऱ्यांनी वाहून आणलेला माल आयता उतरवून घ्यायचा. सरळ सांगायचं तर तो लुटारू होता. पण कोणी लुटारू म्हटलेलं त्याला खपत नसे. तो स्वतःला दर्याचा जकातदार म्हणवून घ्यायचा.

माणूस दिसायला झोकदार. मिशांना रोज खोबरेल तेल. पागोटी दोन, एक लुटायला जाताना बांधायचं आणि एक जेवताना. कमरेला तलवार होती, पण ती बहुतेक नारळ सोलायच्या कामी यायची, कारण उपसायची वेळ फारशी येतच नसे. त्याचं काळं शीड दिसलं की होडीवाले आपणहून वल्ही वर उचलून गुपचूप बसायचे.

चोरी हा त्याचा धंदा होता. खोड होती ती वेगळीच. तांडेलाला बोलायला लागायचं, आणि तेही फक्त स्वतःविषयी. होडी पकडली की तो सगळ्या माणसांना आपल्या गलबतावर चढवायचा, ओळीने बसवायचा, प्रत्येकाच्या हातात कोकमाचं सरबत द्यायचा आणि स्वतःची जन्मकथा सुरू करायचा. ती संपेपर्यंत कोणाच्या गाठोड्याला हात लावायचा नाही, असा त्याने आपल्या माणसांना दंडक घालून दिला होता.

असा उलटा कारभार का, असं गलबताच्या म्हाताऱ्या सुकाणूवाल्याने एकदा विचारलं होतं. तांडेल म्हणाला की आधी लुटलं तर लोक रडत बसतात, गोष्ट कोण ऐकणार? सुकाणूवाल्याला हे पटलं. तसंही त्याला स्वतःला ती गोष्ट इतकी पाठ झाली होती की तांडेल बोलू लागला की त्याचे ओठ आपोआप हलायचे.

गोष्ट चालू असताना तांडेलाची माणसं दोन्ही बाजूंना कोयते घेऊन उभी असत. त्यामुळे ऐकणारे अगदी गुणी असायचे. हसायच्या जागी हसायचे, चकित व्हायच्या जागी तोंड उघडायचे, आणि बाकी सगळा वेळ माना डोलवायचे. तांडेल खूश असायचा. आपल्यासारखा गोष्ट सांगणारा या किनाऱ्यावर दुसरा नाही, असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते खोटं ठरवायला कोणाचीच छाती नव्हती.

अशात एके दिवशी भर दुपारी, ऐन भरतीच्या पाण्यात, खाडीतून एक सजवलेली होडी आली. होडी वऱ्हाडाची होती. नवरी मुलगी, तिची आई, मामा आणि थोडीशी मंडळी पलीकडच्या गावी निघाली होती. तिथे दिवस मावळताना, गोरज मुहूर्तावर लग्न लागायचं होतं.

नवरीचं नाव हौसा. कोळ्याची पोर, बाप लहानपणीच दर्यात गेलेला. घरात देण्याघेण्यासारखं काही नव्हतं. म्हणून हौसाने आपल्या हातांनी एक मोठं जाळं विणलं होतं. गावातल्या पोरी झिम्मा खेळायच्या तेव्हा ही जाळं विणायची, आणि पोरी सासरी गेल्या तेव्हाही ती जाळंच विणत होती. नवऱ्या मुलाकडे होडी होती, जाळं नव्हतं. त्याच्या होडीवर आणि हिच्या जाळ्यावर दोघांचा संसार उभा राहायचा होता. ते जाळं हळदीच्या कापडात बांधून होडीत नवरीच्या शेजारीच ठेवलेलं होतं.

काळं शीड आडवं आलं आणि होडीत रडारड सुरू झाली. आईने कपाळावर हात मारला. मामाने वल्ही वर उचलली. होडी एका लांब दोरीने गलबताला बांधली गेली आणि सगळं वऱ्हाड वर चढलं. तांडेलाने गाठोडं दुरूनच हेरलं आणि कापडातून डोकावणारं जाळं मोठं सुबक दिसतंय, बंदरात हातोहात विकलं जाईल, असं आपल्या माणसांना सांगून ठेवलं. हौसाने ते ऐकलं.

मग सरबत आलं आणि गोष्ट सुरू झाली.

तांडेल म्हणाला, "मी रोज सूर्य उगवल्यावर उठतो. आधी उठायची सवय त्याला आहे, मला नाही. उठल्यावर मिशांना तेल. मिशा कोरड्या राहिल्या तर वारा पडतो, हे मी कैकदा बघितलंय."

वऱ्हाडाने माना डोलवल्या.

पुढे त्याने आपले नेम सांगितले. उपाशीपोटी तो कोणाला लुटत नाही, कारण भूक लागली की माणूस उगाच दुष्टपणा करतो. होडीत तान्हं मूल असेल तर ती होडी सोडून देतो. दयेपोटी वगैरे नाही, त्याच्या रडण्यात गोष्ट ऐकू येत नाही म्हणून. गळणारं काही चोरत नाही. आंबे घेतो, पण पाडाला आलेले. कच्चे परत देतो आणि पिकल्यावर घेऊन या असं बजावतो. एकदा गलबत बुडालं तेव्हा तो एका बेटाला पोहत वळसा घालून आला होता, आणि वाटेत एका माशाशी शर्यत लावून जिंकला होता. इथे सुकाणूवाला दरवेळी खोकायचा, तसा तो आजही खोकला.

मग तांडेल छाती पुढे काढून म्हणाला, "आणि माझा सगळ्यात मोठा नेम ऐका. ओहोटी लागली की मी खाडीत क्षणभर थांबत नाही. माझ्या गलबताचं पोट खोल आहे. पाणी उतरलं की ते चिखलात बसेल, आणि बसलं की पुढच्या भरतीपर्यंत जागचं हलायचं नाही. म्हणून माझी गोष्ट भरती संपता संपता संपते. आजवर कोणी मला धरू शकलं नाही ते यामुळेच."

आता हे सांगायची काही गरज होती का? पण स्वतःची शेखी मिरवायला बसलेल्या माणसाला काय सांगावं आणि काय ठेवावं याचं भान राहत नाही. हौसाने खाली पाण्याकडे बघितलं. किनाऱ्यावरच्या खडकांवर उतरत्या पाण्याची एक ओली रेघ नुकतीच उघडी पडली होती. ओहोटी लागायला सुरुवात झाली होती. गोष्टही आता शेवटाला आली होती. ती संपली की जाळं जाणार होतं.

तांडेलाने मिशीला पीळ दिला आणि शेवटचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात हौसा म्हणाली, "तांडेल, एक विचारू?"

आईने तिचा पदर ओढला. तांडेलाचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्याच्या आजवरच्या गोष्टीत कोणी काही विचारलं नव्हतं. माना पुष्कळ डोलल्या होत्या, प्रश्न एकही आला नव्हता.

"विचार की," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा मऊच निघाला.

पागोटी दोन का, असं तिने विचारलं. त्याने हरखून सांगितलं की लुटायच्या पागोट्यावर एकदा आमटी सांडली होती, आणि आमटीच्या डागाचा लुटारू बघून समोरचे लोक हसले होते. गलबत पहिल्यांदा कुठून मिळालं, असं तिने विचारलं. त्याचंही उत्तर त्याने भरपूर तिखटमीठ लावून दिलं. सुकाणूवाला खोकला. हे खोकणं वेगळं होतं, पाणी उतरतंय असं सांगणारं. तांडेलाने हातानेच त्याला गप्प केलं.

हौसा तिसरा प्रश्न शोधत इकडेतिकडे बघू लागली. तेव्हा तिचं लक्ष डोलकाठीकडे गेलं. तिथे कोंबडीचं एक खुराडं टांगलेलं होतं. खुराडं रिकामं होतं, पण आत मूठभर ताजे तांदूळ होते आणि वाटीत स्वच्छ पाणी होतं. हौसाला खरोखरच नवल वाटलं. पाण्याची रेघ, ओहोटी, सगळं विसरून तिने विचारलं, "रिकाम्या खुराड्यात दाणे कशाला टाकता?"

तांडेल ओळीत बसलेल्या वऱ्हाडाच्या समोर, मांडी घालून खाली बसला. गोष्ट सांगताना तो कधी बसत नसे.

त्याच्याकडे एक कोंबडी होती, असं त्याने सांगितलं. कुठल्याशा होडीतून कालवणासाठी उचललेली. पण सुरी आणायला गेला तेवढ्यात तिने त्याच्या जेवायच्या पागोट्यात अंडं घातलं. आता पागोट्यात अंडं घालणाऱ्या प्राण्याचं कालवण कसं करायचं? ती राहिली. मग ती रोज सकाळी त्याच्या उशाशी यायची. तो दिवसभर काय केलं ते तिला सांगायचा आणि ती मान वाकडी करून ऐकायची. गोष्ट लांबली की मध्येच उठून निघून जायची. तिला कोयत्याची भीती नव्हती, त्यामुळे ती गेली की गोष्ट लांबली हे त्याला कळायचं.

त्याची माणसंही आता कोयते टेकून ऐकू लागली. त्यांना वाटायचं की खुराडं शकुनासाठी टांगलंय. सुकाणूवाल्याचे ओठ हलत नव्हते, कारण ही गोष्ट त्याला पाठ नव्हती. पाणी उतरत होतं आणि खोकायचं भान त्यालाही उरलं नव्हतं.

"मग एकदा वादळ झालं," तांडेल म्हणाला. "लाट आली आणि खुराडं उचलून दर्यात घेऊन गेली. आत ती होती. मी बघितलं आणि मागचापुढचा विचार न करता..."

इतक्यात गलबताच्या पोटातून करकर आवाज आला. सगळं लाकूड हललं आणि गलबत हळूच एका अंगाला कललं. सरबताचे पेले घरंगळत गेले. कोयते घेऊन उभी असलेली माणसं एकमेकांवर पडली. तांडेलाने कठड्यावरून खाली बघितलं. किनाऱ्याच्या बाजूला सगळा चिखल उघडा पडला होता. गलबत त्यात नीट रुतून बसलं होतं. वऱ्हाडाची होडी मात्र लांब दोरीमुळे दुसऱ्या बाजूच्या उथळ पाण्यात मजेत तरंगत होती, कारण तिला गुडघाभर पाणी पुरायचं.

पलीकडच्या गावातून हे सगळं दिसत होतं. नवरी अजून का आली नाही म्हणून वरपक्षाची मंडळी किनाऱ्यावर येऊन उभीच होती. काळं शीड ओळखीचं, आणि आज ते पहिल्यांदाच एका जागी अडकलेलं. मग काय, जो तो काठी, कोयता, वल्हं हाती लागेल ते घेऊन होड्यांत बसला. इतकी वर्षं लुटलेलं सगळं गाव तांडेलाच्या दिशेने निघालं.

लुटारूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्यातला एक म्हणाला की निदान ते जाळं तरी घेऊ आणि चिखलातून पळू.

"गोष्ट संपलेली नाही," तांडेल तुटकपणे म्हणाला. "गोष्ट संपल्याशिवाय हात लावायचा नाही."

मग तो हौसाकडे वळला. तो रागावेल असं सगळ्यांना वाटलं. पण त्याचा चेहरा उतरला होता. "तू ओहोटीसाठी विचारत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला ऐकायचं आहे."

हौसाला फार वाईट वाटलं. खोटं बोलणं तिला जमलं नाही. तिने सरळ मान हलवून हो म्हटलं.

आता तिचं काहीच अडलं नव्हतं. होडी मोकळी होती, जाळं जागच्या जागी होतं, मुहूर्ताला वेळ होता. मामाने दोरी ओढून होडी जवळ घेतली. आई खाली उतरली, मंडळी उतरली. हौसाने एक पाय होडीत ठेवला. आई खालून, गावाकडून येणाऱ्या होड्यांकडे बघत म्हणाली की आता गावकरी त्याला बघून घेतील, तू चल लवकर.

हौसा थांबली. तिने होडीतला पाय परत उचलून गलबतावर घेतला.

"पहिले दोन प्रश्न ओहोटीसाठी होते," ती म्हणाली. "तिसरा नव्हता. कोंबडीचं पुढे काय झालं?"

तांडेलाने तिच्याकडे बघितलं. या वेळी कोणाच्या हातात कोयता नव्हता, सगळे घसरून एका कोपऱ्यात पडले होते. ही पोर आता उतरून निघून गेली असती तर तिला कोणी अडवणारं नव्हतं. आणि तरी ती कललेल्या फळीवर कशीबशी तोल सांभाळत उत्तरासाठी उभी होती. जन्मभर ज्यासाठी माणसं पकडून आणली ते त्याला तिथे, चिखलात रुतल्यावर मिळालं. त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"मी उडी मारली," तो म्हणाला. "खुराडं हाताला लागलं. दार उघडलेलं होतं. ती गेली होती." मग तो म्हणाला, "आणि मला पोहता येत नाही."

"पागोट्याला धरून वर काढला मी," सुकाणूवाला म्हणाला. "म्हणून बेटाच्या गोष्टीला मला खोकला येतो."

यावर आधी हौसा हसली, मग होडीतली आई हसली, आणि मग लुटारूसुद्धा हसले. तांडेलाच्या गोष्टीला न सांगता आलेलं हे पहिलंच हसू. तो कान देऊन ते ऐकत राहिला.

रोज दाणे टाकतो ते ती परत येईल म्हणून नाही, असं त्याने सांगितलं. कोंबडी दर्यातून परत येत नाही एवढं त्यालाही कळतं. पण सकाळ झाली की हात आपोआप तांदळाच्या डब्याकडे जातो. हौसा म्हणाली की तिच्या बापाचं ताट तिची आई अजून सणाला मांडते.

एव्हाना होड्या येऊन भिडल्या. सगळ्यात पुढे नवरा मुलगा होता, हातात वल्हं, डोक्याला मुंडावळ्या. तो रागाने लाल झाला होता. हौसाने कठड्यावर उभं राहून हाक मारली, "मारू नका. माझ्या लग्नाचे पाहुणे आहेत."

गावकऱ्यांचा विश्वासच बसेना. मग हौसाने सगळं सांगितलं. लुटलेलं परत करायला लावू, पण रुतलेल्या गलबतावर हात टाकायचा नाही, असं ती म्हणाली. अडकलेल्या गलबताला आधी टेकू द्यायची कोळ्यांमध्ये रीत आहे, मग ते कोणाचं का असेना. भांडण पुढच्या भरतीला. तेवढी रीत आठवली आणि काठ्या खाली आल्या. ज्या बांबूंनी तांडेलाला झोडायचं होतं तेच बांबू गलबताच्या कुशीला लावले, म्हणजे ते आणखी कलून फुटू नये. आणि लुटारूंना होड्यांत घालून सगळे लग्नाला गेले.

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. तांडेलाने जेवायचं पागोटं बांधलं होतं. जेवणं झाल्यावर नवरीने त्याला मांडवात मधोमध बसवलं आणि गोष्ट सांगायला लावली. त्याने नेहमीप्रमाणे सूर्यापासून सुरुवात केली. पण इथे कोयते नव्हते. एक काकू गोष्ट चालू असताना उठून पाणी प्यायला गेल्या. पोरांनी विचारलं की मासा शर्यतीत हरला हे माशाला माहीत आहे का. एका आजोबांनी चक्क जांभई दिली. तांडेल आधी खट्टू झाला. मग त्याला आठवलं की कोंबडीही अशीच मध्येच उठून जायची. त्याने बेटाचा भाग गाळला आणि पागोट्यातल्या अंड्याकडे आला. पाणी प्यायला गेलेल्या काकू पेला हातात घेऊन परत आल्या.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला गलबत उचललं गेलं. तांडेलाला पळून जाता आलं असतं. तो गेला, पण आधी एकेका गावी. ज्यांचं जे गलबतावर होतं ते परत देत गेला. कोणी त्याला शिव्या दिल्या, एका म्हातारीने कान पिळला, आणि एकाने परत मिळालेली शिडं बघून विचारलं की यांना उंदीर लागू दिलेत का. हे सगळं त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. ऐकायची त्याला सवय नव्हती, ती हळूहळू लागली.

त्यानंतर त्या खाडीत काळं शीड दिसलं नाही. त्या जागी हळदीच्या रंगाचं एक शीड दिसू लागलं. ते गलबत वऱ्हाडं वाहायचं. भाडं रास्त, सरबत फुकट, आणि वाटेत गोष्ट. ज्याला ऐकायची नसेल त्याने खुशाल वल्ह्यांकडे जाऊन बसावं. तरी बहुतेक लोक तांडेलाजवळ बसायचे, प्रश्न विचारायचे, आणि प्रश्नांच्या नादात ओहोटी लागली की सुकाणूवाला सगळ्यांच्या वरताण खोकायचा.

डोलकाठीवरचं खुराडंही आता रिकामं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी निरोप घेताना हौसाने सासरच्या अंगणातली एक तांबडी कोंबडी त्यात ठेवली होती. ही पहिलीपेक्षा खाष्ट होती. गोष्ट जरा लांबली की सरळ चोच मारायची. तांडेल दुखरं बोट चोखत म्हणायचा, "बरोबर आहे बाई, आवरतो." आणि खरंच आवरायचा.

तात्पर्य: भ्यायलेला माणूस मान डोलावतो, पण त्याचं सगळं लक्ष आपल्या गाठोड्यात असतं. आपलं कोणी मनापासून ऐकावं असं वाटत असेल, तर आधी त्याच्या गाठोड्यावरचा आपला हात काढावा.